सेव्ह एकदा दाबलं, कमेंट पाच वेळा पडली

तर झालं असं की आमच्या टीममधली टेस्टर माझ्या डेस्कपाशी आली आणि म्हणाली, "अरे, ती कमेंट डबल पडतेय बघ." मी म्हटलं, डबल क्लिक केलं असशील. "नाही रे, एकदाच दाबलं. आणि डबल कुठे, आत्ता तर पाच वेळा पडली." मी माझ्या मशीनवर करून बघितलं, एकदाच पडली. परत केलं, परत एकदाच. मग मी तिला ते आपलं ठरलेलं वाक्य ऐकवलं, माझ्याकडे तर नीट चालतंय, आणि ती "बरं" म्हणून गेली. टेस्टरच्या त्या "बरं"चा अर्थ काय असतो हे ज्यांना माहितीय त्यांना माहितीय.

मोबाईलवरून टाइप करतोय त्यामुळे कोड पेस्ट करत बसत नाही, शब्दांतच सांगतो.

पेजवर एक पॉपअप होता. कमेंटचं बटण दाबलं की उघडायचा, आत एक टेक्स्ट बॉक्स आणि सेव्ह. पॉपअप दरवेळी नव्याने बनत नव्हता, एचटीएमएल पेजवरच पडून होतं, फक्त दाखवायचं आणि लपवायचं. आणि मी शहाण्याने काय केलं होतं, तर पॉपअप उघडणाऱ्या फंक्शनच्या आतच सेव्ह बटणाला क्लिकचा हँडलर, म्हणजे क्लिक झाल्यावर चालणारं फंक्शन, जोडला होता. म्हणजे पहिल्यांदा उघडला की एक हँडलर, बंद करून परत उघडला की दुसरा, कारण बटण तेच आहे आणि आधीचा हँडलर कोणी काढलेलाच नाही. पाचव्यांदा उघडून सेव्ह दाबलं की पाचही हँडलर ओळीने धावणार, पाचही त्याच बॉक्समधला तोच मजकूर वाचणार आणि सर्व्हरला पाच रिक्वेस्ट जाणार. मला हे कधीच दिसलं नाही, कारण मी डेव्हलपर, मी कोड बदलला की पेज रिफ्रेश करतो, एकदा पॉपअप उघडतो, चाललं की खूश. माझा काउंट कायम एक. ती बिचारी खऱ्या युजरसारखी तासभर एकाच टॅबमध्ये काम करत होती.

आणि हे मला लगेच सापडलं असंही नाही हां. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसा मी आधी बॅकएंडवाल्याच्या, म्हणजे सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्याच्या, मागे लागलो की तुझी एपीआय तेच काम परत परत करतेय का बघ. त्याने लॉग दाखवले, पाच वेगळ्या रिक्वेस्ट, सगळ्या ब्राउझरकडून. तरी त्याने भला माणूस म्हणून एक चेक टाकून दिला, त्याच युजरची तीच कमेंट काही सेकंदांत परत आली तर टाकून द्यायची. त्यामुळे लक्षण गेलं आणि दुखणं तसंच राहिलं.

मग क्रोमच्या कन्सोलमध्ये बटणावर किती लिसनर, म्हणजे ब्राउझरकडे नोंदवलेले हँडलर, आहेत ते बघितलं, त्यासाठी गेट-इव्हेंट-लिसनर्स म्हणून एक फंक्शन मिळतं, फक्त कन्सोलमध्येच चालतं ते. बघतो तर काय, क्लिकचा लिसनर एकच! म्हटलं चला, आपण निर्दोष. इथे माझा अर्धा दिवस गेला, म्हणून नीट सांगतो. आमचा कोड जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा होता, आणि जेक्वेरी एका एलिमेंटवर एका प्रकारच्या इव्हेंटसाठी ब्राउझरकडे फक्त एकच खरा लिसनर नोंदवते. तुम्ही ऑन या तिच्या फंक्शनने जे काही दहा-वीस हँडलर देता ते ती स्वतःच्या यादीत ठेवते आणि क्लिक आलं की त्या एकाच खऱ्या लिसनरमधून आपली यादी चालवते. त्यामुळे ब्राउझरला विचारलं तर तो म्हणणार एक, जेक्वेरीच्या आतल्या डेटाला विचारलं तर ती म्हणणार पाच. डेव्हटूल्सच्या, म्हणजे क्रोममधल्या डेव्हलपरच्या अवजारांच्या, एलिमेंट्स पॅनलमध्ये इव्हेंट लिसनर्स टॅबवर फ्रेमवर्क लिसनर्स असा एक चेकबॉक्स असतो, तो टिक केला की आतले खरे हँडलर दिसतात. तो चेकबॉक्स मी इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखा करत होतो.

बरं, ब्राउझरच्या स्वतःच्या साध्या ॲड-इव्हेंट-लिसनरने लिहिलं असतं तर वाचलो असतो का? अर्धवट. ब्राउझरचा नियम असा की इव्हेंटचा प्रकार, फंक्शन आणि कॅप्चर (इव्हेंट वरून खाली येतानाच पकडायचा का) या तिन्ही गोष्टी आधीच्या नोंदीसारख्याच असतील तर दुसरी नोंद गुपचूप सोडून दिली जाते. म्हणजे तेच नावाचं फंक्शन शंभरदा जोडलं तरी एकदाच चालणार. जेक्वेरी असं काही बघत नाही, जितक्यांदा द्याल तितक्यांदा लावते. पण माझं फंक्शन होतं बिननावाचं, उघडणाऱ्या फंक्शनच्या पोटात लिहिलेलं, आणि अशा फंक्शनची दरवेळी नवीन वस्तू तयार होते. अक्षर न् अक्षर सारखं असलं तरी जावास्क्रिप्टच्या लेखी ती दोन वेगळी फंक्शन्स. जुळी भावंडं म्हणा हवं तर, दिसायला एकसारखी पण आधार कार्ड वेगळं.

यावर मी काय केलं असेन? तेच जे आपण सगळे करतो. ऑनच्या वरच्या ओळीत ऑफ टाकलं. आधी क्लिकचे सगळे हँडलर काढ, मग आपला लाव. बग बंद, तिकीट बंद. दोन आठवड्यांनी कोणीतरी विचारलं की सेव्ह बटणाच्या क्लिकचे आकडे ॲनालिटिक्समध्ये शून्य का येतायत. कारण उघड आहे, ऑफला फक्त क्लिक एवढंच सांगितलं की ती तुमचा-माझा बघत नाही, त्या बटणावर जेक्वेरीतून लावलेले सगळ्यांचे क्लिक हँडलर झाडून टाकते. ॲनालिटिक्सचा हँडलर दुसऱ्या टीमने लावलेला होता, तो मी पॉपअप उघडताना उडवत होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. स्वतःचं घर झाडताना शेजाऱ्याची सायकल भंगारात दिल्यासारखं.

जेक्वेरीत यावर फार छान उपाय आहे आणि मला वाटतं त्या लायब्ररीतली ही सगळ्यात कमी कौतुक झालेली गोष्ट आहे, नेमस्पेस, म्हणजे हँडलरला आपलं एक नाव चिकटवणं. क्लिक असं न लिहिता क्लिक डॉट पॉपअप असं लिहायचं. मग काढताना क्लिक डॉट पॉपअप म्हटलं की फक्त तुमचे जातात, आणि नुसतं डॉट पॉपअप म्हटलं की क्लिक, कीडाउन, फोकस सगळ्यातले तुमचे एका फटक्यात जातात. फक्त ही नेमस्पेस फोल्डरसारखी एकात एक नसते हे लक्षात ठेवा, दोन नावं दिली तर दोन वेगळ्या चिठ्ठ्या चिकटवल्यासारखं असतं, कुठलीही एक जुळली तरी हँडलर निघतो.

ज्यांनी जुना कोड सांभाळलाय त्यांना बाइंड, लाइव्ह, डेलिगेट हे तीन प्रकार आठवत असतील, आणि प्रत्येकाचं काढायचं फंक्शन वेगळं, अनबाइंड, डाय, अनडेलिगेट. लाइव्हने लावलेलं अनबाइंडने निघायचं नाही आणि माणूस डोकं आपटायचा. २०११ च्या शेवटी १.७ आवृत्तीत ऑन आणि ऑफ आले आणि हा सगळा पसारा एका जोडीत बसला, लाइव्ह तर १.९ मध्ये काढूनच टाकलं. तरी डेलिगेशनमध्ये, म्हणजे आतल्या एलिमेंटचे इव्हेंट बाहेरच्या एलिमेंटवर पकडण्यात, एक खोच राहिलीच, ऑन करताना जो सिलेक्टर (एलिमेंट निवडायचा मजकूर) दिलाय अगदी तोच मजकूर ऑफला द्यावा लागतो. टेबलवर हँडलर लावताना टीआर डॉट ॲक्टिव्ह लिहिलं आणि काढताना नुसतं डॉट ॲक्टिव्ह लिहिलं तर निवडले जाणारे एलिमेंट तेच असले तरी हँडलर निघत नाही, तिथे मजकूर जुळवला जातो, अर्थ नाही.

पण मूळ दुखणं जेक्वेरीचं नाहीच. साधं रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर घ्या. त्याला तुम्ही चुकीचं फंक्शन दिलं तर ते काय करतं? काहीच नाही. एरर देत नाही, फॉल्स परत देत नाही, निमूट परत येतं. म्हणजे तुम्ही शंभर ओळींचा क्लीनअप लिहिलाय, कोड रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी वा वा केलंय, आणि प्रत्यक्षात एकही लिसनर निघत नाहीये, हे कोडकडून कळायला काही मार्गच नाही. मी अशा क्लीनअपला सोनूबाई म्हणतो, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

सोनूबाईचे काही नमुने माझ्याच कोडमधले. लावताना धिस डॉट सेव्ह डॉट बाइंड धिस लिहिलं आणि काढतानाही हुबेहूब तसंच लिहिलं. दिसायला किती नीटनेटकं! पण बाइंड दरवेळी नवीन फंक्शन बनवून देतं, त्यामुळे काढायला दिलेलं फंक्शन कधी लावलेलंच नव्हतं. दुसरा, लावताना तिसरा पॅरामीटर ट्रू दिला, म्हणजे कॅप्चर, आणि काढताना तो विसरलो. कॅप्चर जुळलं नाही तर नोंद सापडत नाही. गंमत म्हणजे पॅसिव्ह किंवा वन्स हे पर्याय काढताना जुळायला लागत नाहीत, फक्त कॅप्चर लागतं, आणि हे कुणालाच लक्षात राहत नाही, मलाही नाही, दरवेळी शोधतो. तिसरा नमुना डिबाउन्सचा, म्हणजे इव्हेंट थांबल्यावर थोड्या वेळाने एकदाच चालणाऱ्या फंक्शनचा, आणि हा जरा जास्त पोचलेला आहे. रिसाइझवर डिबाउन्स केलेलं फंक्शन लावलं होतं, ते व्हेरिएबलमध्ये नीट ठेवलं, काढताना तेच दिलं, म्हणजे सगळं शास्त्रशुद्ध. तरी पॉपअप बंद झाल्यावर कधीकधी कन्सोलमध्ये नलची एरर यायची. कारण लिसनर निघाला होता, पण डिबाउन्सच्या आत एक टायमर आधीच सुरू झालेला होता, तो तीनशे मिलिसेकंदांनी उठला आणि आता अस्तित्वात नसलेल्या बॉक्सची रुंदी मोजायला गेला. लिसनर काढला म्हणजे त्याने आधीच मागे लावलेली कामं थांबत नाहीत. लोडॅश या लायब्ररीच्या डिबाउन्सला कॅन्सल म्हणून मेथड असते ती याचसाठी, क्लीनअपमध्ये तीही बोलवावी लागते.

अच्छा, बाइंडच्या भानगडीवर जेक्वेरीने एक तोडगा काढला होता, प्रॉक्सी. आत ती प्रत्येक हँडलर फंक्शनला एक नंबर चिकटवते आणि काढताना फंक्शन नाही तर तो नंबर जुळवते, आणि प्रॉक्सीने बनवलेल्या नवीन फंक्शनला मूळ फंक्शनचाच नंबर देते. त्यामुळे प्रॉक्सी केलेला हँडलर मूळ फंक्शन देऊनही निघतो. भारी वाटतं ना? आता एकाच क्लासचे दोन ऑब्जेक्ट घ्या, दोघांनीही स्वतःची तीच मेथड प्रॉक्सी करून एकाच विंडोवर लावली. नंबर दोघांचा एकच. पहिल्याने आपला हँडलर काढला की दुसऱ्याचाही गेला. यातूनही सुटका नेमस्पेसनेच होते.

या सगळ्याला वैतागून मी पुढच्या प्रोजेक्टमध्ये स्वतःची छोटी इव्हेंट लायब्ररी लिहिली. हो माहितीय, जगात अशा हजार आहेत, त्यात माझी एक. साठ-सत्तर ओळींचं काम, ऑन, ऑफ आणि इव्हेंट झाला की सगळे हँडलर चालवणारं एमिट. पण दुसऱ्याच्या लायब्ररीला शिव्या देणं सोपं असतं, स्वतः लिहायला बसलं की कळतं की ऑफ हे तिन्हीतलं सगळ्यात अवघड फंक्शन आहे. ऑन म्हणजे ॲरेमध्ये पुश, एमिट म्हणजे लूप. ऑफ म्हणजे प्रश्नच प्रश्न.

पहिला प्रश्न पहिल्याच दिवशी आला. एमिटचा लूप चालू असताना एका हँडलरने स्वतःलाच काढलं. मी ॲरेमधून स्प्लाइसने नोंद काढत होतो, त्यामुळे मागचे सगळे एक घर पुढे सरकले आणि लूपचा काउंटर पुढच्या घरावर गेला, मधला एक हँडलर चालायचाच राहिला. हा बग इतका जुना आणि इतका प्रसिद्ध आहे की तो करताना लाज वाटली. उपाय काय, तर एमिट सुरू होताना यादीची कॉपी काढायची आणि कॉपीवर लूप चालवायचा. झालं. पण लगेच दुसरा प्रश्न, कॉपीमध्ये आहे पण मधल्या काळात काढला गेलाय अशा हँडलरला बोलवायचं की नाही?

इथे मोठ्या लोकांचंही एकमत नाही. नोडचा (ब्राउझरबाहेर, बहुतेक सर्व्हरवर, जावास्क्रिप्ट चालवतो तो) इव्हेंट-एमिटर कॉपी काढतो आणि शेवटपर्यंत ती इमानदारीत चालवतो, म्हणजे एमिट चालू असताना तुम्ही कोणाला काढलंत तरी त्या फेरीत तो चालणारच, पुढच्या फेरीपासून नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. ब्राउझरचा डॉम, म्हणजे पेजवरच्या एलिमेंट्सची त्याची रचना, तो पण कॉपी काढतो, पण प्रत्येक लिसनरला बोलवायच्या आधी बघतो की हा मधे काढला गेलाय का, गेला असेल तर सोडून देतो. मी डॉमसारखं केलं, आणि त्याचं कारण अनुभवाचं आहे. समजा क्लोज या इव्हेंटवर दोन हँडलर आहेत, पहिला पॉपअप मोडून टाकतो आणि जाताना दुसऱ्याला काढून टाकतो, कारण दुसऱ्याला लागणाऱ्या वस्तू आता राहिल्या नाहीत. नोडच्या पद्धतीत तो दुसरा तरीही चालणार आणि मोडलेल्या वस्तूंना हात लावणार. मी "काढ" म्हटल्यानंतर तो परत चालणार नाही अशी माझी साधी अपेक्षा असते. नोडवाल्यांच्या बाजूनेही बोलता येईल, एमिट झाला त्या क्षणी जे हजर होते त्यांना सगळ्यांना बातमी मिळाली पाहिजे, हाही एक न्याय आहे. पण मला तो यूआयमध्ये पटत नाही.

याच्याच नात्यातला एक किस्सा. पॉपअपच्या बाहेर क्लिक केलं की तो बंद व्हावा म्हणून पॉपअप उघडताना डॉक्युमेंटवर क्लिकचा लिसनर लावला. बटण दाबलं, पॉपअप उघडलाच नाही. म्हणजे उघडला आणि त्याच क्षणी बंद झाला. चालू इव्हेंटमध्ये नव्याने लावलेला लिसनर त्या फेरीत चालत नाही हे खरं, पण ते त्याच एलिमेंटपुरतं. बटणावरचं क्लिक वर डॉक्युमेंटपर्यंत बबल होत गेलं आणि तिथे पोचेपर्यंत माझा नवा लिसनर हजर होता, त्याने उघडणारं क्लिकच बाहेरचं क्लिक समजून पॉपअप मिटला. सेट-टाइमआउट शून्य टाकून लोक हे सोडवतात, मीही तेच केलं, अभिमान नाही.

तिसरा प्रश्न, वन्स. एकदाच चालून आपोआप निघणारा हँडलर. करायला सोपं, मूळ फंक्शनभोवती एक वेष्टण बनवायचं जे आधी स्वतःला काढतं मग मूळ चालवतं. पण आता चालायच्या आधीच कोणी मूळ फंक्शन देऊन ऑफ केलं तर? यादीत आहे वेष्टण, हातात आहे मूळ, जुळत नाही. नोडमध्ये वेष्टणावर मूळ फंक्शन एका प्रॉपर्टीत ठेवलेलं असतं आणि काढताना दोन्ही तपासतात. मीही तसंच केलं, कॉपी मारली म्हणा.

हे सगळं करून झाल्यावर मला एक गोष्ट खटकायला लागली, आणि खरं सांगायचं तर ही पोस्ट तेवढ्याचसाठी लिहितोय. सेट-टाइमआउट केलं की एक आयडी मिळतो, तो क्लिअर-टाइमआउटला दिला की टायमर गेला. फंक्शन कुठलं होतं, बाइंड केलेलं होतं का, बिननावाचं होतं का, काही संबंध नाही. तुमची वस्तू जमा केली, टोकन मिळालं, टोकन दाखवलं, वस्तू परत. मग त्याच ब्राउझरमध्ये ॲड-इव्हेंट-लिसनर काहीच परत का देत नाही? आणि जेक्वेरीचं ऑन, नोडचं ऑन, ही दोन्ही परत देतात ती स्वतःचीच वस्तू, का तर चेनिंग करता यावं म्हणून, एकामागे एक डॉट डॉट डॉट लिहिता यावं म्हणून. म्हणजे लिहितानाच्या दोन ओळी वाचवायला त्यांनी ती एकमेव जागा खर्च केली जिथून टोकन मिळू शकलं असतं. टोकन नाही म्हणून मग फंक्शनवरून ओळख पटवायची, आणि ओळख पटवायची म्हणून बाइंडचा घोळ, बिननावाच्या फंक्शनचा घोळ, कॅप्चरचा घोळ, प्रॉक्सीच्या नंबरचा घोळ. वर सांगितलेले निम्मे बग या एका ठरवण्यातून आलेत असं माझं मत आहे.

रीडक्स या लायब्ररीत डेटा सांभाळणाऱ्या स्टोअरला सबस्क्राइब केलं की काढण्याचं फंक्शनच हातात मिळतं. मी माझ्या ऑनला तसंच केलं. ऑन बोलवा, जे परत येईल ते सांभाळून ठेवा, काम झालं की ते बोलवा, बस. बिननावाचं फंक्शन द्या नाहीतर बाइंड केलेलं द्या, फरक पडत नाही. रिॲक्ट या लायब्ररीच्या यूज-इफेक्टमध्ये, जिथे रिटर्न केलेलं फंक्शन क्लीनअप म्हणून चालतं, तर हे इतकं चपखल बसतं की ऑनने दिलेलं तसंच्या तसं रिटर्न करायचं, क्लीनअप तयार. दोनदा बोलवलं तर दुसऱ्यांदा काही होऊ नये एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. मी नव्हती घेतली. आत इंडेक्स लक्षात ठेवला होता, दुसऱ्या वेळी त्या इंडेक्सवर दुसराच कोणीतरी बसलेला, तो गेला. आता प्रत्येक नोंदीचा वेगळा ऑब्जेक्ट ठेवतो आणि त्यावर "निघाला" असा एक फ्लॅग.

रिॲक्टचं निघालं म्हणून सांगतो, २०२२ मध्ये आवृत्ती १८ आल्यावर स्ट्रिक्ट मोडमध्ये डेव्हलपमेंटला प्रत्येक कंपोनंट (पेजचा तुकडा) माउंट होऊन, म्हणजे पेजवर लागून, अनमाउंट होऊन, परत माउंट व्हायला लागला, तेव्हा मी पण सगळ्यांसारखा चिडलो होतो आणि स्ट्रिक्ट मोड बंद करून बसलो होतो. नंतर लक्षात आलं की आमची टेस्टर जे हाताने करत होती, उघड, बंद कर, परत उघड, तेच हे आपोआप करतंय. परत चालू केला, पहिल्याच दिवशी दोन सोनूबाया सापडल्या.

ब्राउझरनेही उशिरा का होईना मार्ग दिलाय. टोकन देत नाही, पण तुमचं टोकन घेतो. ॲबॉर्ट-कंट्रोलर बनवायचा, त्याचा सिग्नल लिसनर लावताना ऑप्शनमध्ये द्यायचा, आणि काढायचं असेल तेव्हा ॲबॉर्ट म्हणायचं. २०२१ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांतही हे आलं. एकच सिग्नल दहा लिसनरना द्या, शिवाय सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फेचलाही तोच द्या, पॉपअप बंद होताना एक ॲबॉर्ट आणि सगळा बाजार उठला. हे मला फार म्हणजे फार आवडतं, नवीन कोडमध्ये मी रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर जवळपास लिहीतच नाही. एका ठिकाणी फसलो तेवढं सांगतो. कंट्रोलर मी क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच बनवला होता. पहिल्यांदा पॉपअप उघडला, मस्त. बंद केला, ॲबॉर्ट झालं. दुसऱ्यांदा उघडला तर एकही बटण चालेना. ॲबॉर्ट झालेला सिग्नल परत जिवंत होत नाही, आणि मेलेला सिग्नल देऊन लिसनर लावला तर ब्राउझर तो लावतच नाही, आणि अर्थातच, एक शब्दही न बोलता. दर उघडण्याला नवा कंट्रोलर हवा.

मेमरी लीकबद्दल, म्हणजे काम संपूनही अडकून राहणाऱ्या मेमरीबद्दल, थोडंसं, कारण त्याची भीती लोकांच्या मनात जरा जास्तच बसलीय. प्रत्येक बटणावरचा प्रत्येक लिसनर हाताने काढायची गरज नसते. बटण पेजवरून गेलं आणि कुठल्या व्हेरिएबलने त्याला धरून ठेवलं नसेल तर गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) बटण, लिसनर सगळं एकत्र नेतो, सुंठीवाचून खोकला गेला. जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर सहाच्या काळात एलिमेंट आणि फंक्शन एकमेकांना धरून बसले की दोघंही सुटायचे नाहीत, ती भीती तिथून आलीय आणि ब्राउझर मेला तरी भीती जगतेय. आज बघायचं ते एवढंच की कोण कोणाला धरून आहे. तुमचा पॉपअप मरणार आहे पण विंडो मरणार नाहीये, आणि विंडोच्या रिसाइझवर लावलेल्या फंक्शनने क्लोजरमध्ये अख्खा पॉपअप पकडून ठेवलाय, तर पॉपअप पेजवरून गेला तरी मेमरीत राहणार. लवकर मरणारा जास्त जगणाऱ्यावर लिसनर लावतो तिथे काढायलाच हवा, उलट असेल तर बहुतेक वेळा सोडून दिलं तरी चालतं. डेव्हटूल्समध्ये हीप स्नॅपशॉट, म्हणजे मेमरीत काय काय आहे त्याचा फोटो, घेऊन डिटॅच्ड असं शोधलं की ही भुतं दिसतात.

नोडमध्ये एका इव्हेंटवर दहापेक्षा जास्त लिसनर झाले की लीकची वॉर्निंग येते. एका सहकाऱ्याने मर्यादा वाढवून शून्य केली होती, शून्य म्हणजे अमर्याद, आणि वॉर्निंग गेल्याचा आनंद साजरा केला होता. त्याला हसलो खरा, पण मी स्वतः त्याहून थोर काम केलंय, एका स्ट्रीमवर क्लीनअप म्हणून रिमूव्ह-ऑल-लिसनर्स मारलं. त्यात एररचा लिसनरही गेला. नोडमध्ये एरर इव्हेंटला ऐकणारा कोणीच नसेल तर ती एरर सरळ फेकली जाते, आणि नंतर कनेक्शन तुटल्यावर अख्खी प्रोसेस आडवी झाली, ज्या स्ट्रीमशी आमचं काम संपलं होतं तिच्यामुळे.

तर त्या पॉपअपचं शेवटी काय केलं? सिग्नल नाही, नेमस्पेस नाही, काही नाही. सेव्हचा हँडलर उघडणाऱ्या फंक्शनमधून बाहेर काढला आणि पेज लोड होताना एकदाच लावला. बटण कायम तिथेच आहे, मग हँडलर पण कायम राहू दे की, फक्त कुठल्या वस्तूवर कमेंट चाललीय तेवढं व्हेरिएबलमध्ये बदलत राहायचं. चार ओळी कमी झाल्या. टेस्टरला सांगितलं तर तिने माझ्यासमोर पॉपअप वीस वेळा उघडला-बंद केला, मनातल्या मनात मोजत, मग सेव्ह दाबलं आणि नेटवर्क टॅबकडे बघत बसली. एकच रिक्वेस्ट. "बरं," म्हणाली, आणि हे "बरं" वेगळं होतं.

बॅकएंडवाल्याला म्हटलं, आता तुझा तो चेक काढून टाकलास तरी चालेल. तो म्हणाला, "राहू दे रे, तुझा काही भरवसा नाही."